निजखोलीतली एक जादा नोंद

लहान मुलांना झोपवण्यात माझा हात धरणारे कोणी नाही, हे मी अत्यंत विनयाने सांगते! आमच्या पाळणाघराची निजखोली अकरा वर्षे माझ्याच ताब्यात होती. बाळ उताणे निजवायचे. पाळण्यात उशी नाही, दुलई नाही, खेळणे नाही. चेहरे दिसतील एवढा उजेड ठेवायचा आणि दर दहा मिनिटांनी प्रत्येकाचा श्वास पाहून वहीत नोंद करायची. हे नियम मला झोपेतही म्हणून दाखवता येतील.

मग नवी आली. जेमतेम तेवीस वर्षांची, शेळीसारखी गरीब. पहिल्याच आठवड्यात तिने फौजदाराला सात मिनिटांत झोपवले! फौजदार म्हणजे आमच्याकडचे दहा महिन्यांचे एक बाळ. दुपारभर पाळण्याचा कठडा धरून उभा राहतो आणि सगळ्यांवर पहारा करतो. त्याच्यासाठी मला चाळीस मिनिटे लागत.

संचालिका, म्हणजे आमच्या मोठ्या बाई, म्हणाल्या, "एक तारखेपासून निजखोली दोघींपैकी एकीकडेच राहील. या आठवड्याच्या नोंदी बघून ठरवते."

माझी अकरा वर्षांची खोली! माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नाही.

"ती नक्की पोरांना पालथं घालते!" मी नवऱ्याला म्हणाले. "पालथं बाळ लवकर झोपतं, पण जिवाला धोका असतो. मी तिला रंगेहाथ पकडणार!"

"आधी तू झोप. आणि झोपलीस तर जरा हळू घोर."

"मी? अठरा वर्षांत मी एकदाही घोरलेली नाही!"

"तुला कसं कळणार? तू तर झोपलेली असतेस!"

खरे सांगायचे तर माझ्या मनात मुलांची काळजी दोन आणे होती आणि मत्सर चौदा आणे. दुसऱ्या दिवशी दाताच्या डॉक्टरांकडे जाते असे सांगून मी निघाले आणि मागच्या दाराने निजखोलीत शिरले. तिथे कपाटामागे, पालकांनी हौसेने पाठवलेल्या आणि आम्ही नियमाने पाळण्यांतून काढून घेतलेल्या उशा, दुलया आणि खेळणी यांचा ढीग असतो. त्या ढिगावर मी पालथी पडले, एक कापडी हत्ती आडोशाला घेतला आणि फटीतून पाहू लागले.

नवीने फौजदाराला निजवले. उताणे! तो उठून उभा राहिला. तिने पुन्हा निजवले. पुन्हा उताणे! मग ती शेजारच्या स्टुलावर बसली आणि संथ, लांब श्वास घेऊ लागली. बस्स? आता काहीतरी करील, मग पकडते, असे म्हणत मी तिचे श्वास मोजू लागले. एक... दोन... तिसरा काही मला आठवत नाही.

"पकडली!" असे ओरडत मी जागी झाले तेव्हा मी उताणी होते. हत्ती गायब, उशी गायब, गळ्याभोवतीची ओढणी घडी करून दूर ठेवलेली. समोर नवी, तिच्याशेजारी मोठ्या बाई आणि कठड्यापाशी पहाऱ्यावर फौजदार!

मोठ्या बाईंनी चष्मा सावरला आणि वही वाचायला घेतली. "एक वीस. कपाटामागे एक मोठं बाळ आढळलं. पालथं. नाकाशी हत्ती. हत्ती, उशी, ओढणी काढली. उताणं केलं. एक तीस. श्वास नियमित, घोरणं मोठं. फौजदार दचकून उठला. एक चाळीस. घोरणं तसंच. फौजदार पुन्हा उठला." त्यांनी मान वर केली. "अगं, हे काय लिहिलंयस?"

"ताईंनीच शिकवलंय," नवी निरागसपणे म्हणाली. "खोलीत जो झोपेल त्याची नोंद झालीच पाहिजे, मग तो कोणी का असेना."

"उठवायचं नाही का त्यांना?"

"झोपलेल्याला उगाच उठवू नये, हेही ताईच सांगतात."

"आणि तुम्ही दाताच्या डॉक्टरांकडे गेला होतात ना?" मोठ्या बाईंनी मला विचारले. माझे दात त्या क्षणी खरोखरच दुखू लागले!

निजखोली नवीला मिळाली. मला खेळाचे अंगण मिळाले, जिथे कितीही आवाज केला तरी कोणी जागे होत नाही. माझ्या तालमीत तयार झालेली पोरगी माझाच नियम माझ्यावर चालवून जिंकली, याचा अभिमान वाटायला हवा होता. मी वाटून पाहिला. वाटला नाही.

संध्याकाळी मला न्यायला आलेल्या नवऱ्याने सगळी हकीगत ऐकली आणि धीर द्यायचा सोडून तो थेट नवीकडे गेला.

"त्या पानाची एक प्रत मिळेल का हो? अठरा वर्षं पुरावा शोधतोय!"

तिने लगेच हाताने उतरवून दिली. आता ती प्रत आमच्या पलंगाच्या उशाशी लावली आहे. येता-जाता दिसते आणि जिवाची आग होते.

मेलीचे अक्षरसुद्धा माझ्यापेक्षा चांगले आहे!