नागरिकांनी बुजवलेला खड्डा

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक खड्डा होता आणि तो मी स्वतः बुजवायचं ठरवलं. एवढंच. यात वाईट काय आहे, तुम्हीच सांगा.

नेदरलँड्समध्ये नागरी प्रशासन शिकून मी नुकताच बदलापूर गावात परतलो होतो. (तिथे खड्डे नाहीत. मी शोधले.) सगळं सरकारने करावं म्हणून बसून राहणारा समाज मोठा होत नाही, हे तिथे मला उमगलं होतं आणि घरात येता-जाता मी ते प्रत्येकाला ऐकवत होतो. आई म्हणायची, खरं आहे बाळा, आता ताट उचल.

त्या खड्ड्यात वर्षानुवर्षं एक मोडकी प्लॅस्टिकची खुर्ची उलटी खोचलेली होती. लोक तिला वळसा घालून जात. कुणाची तक्रार नाही, कुणाला राग नाही. आणि माझ्या धाकट्या बहिणीचं, तेजस्वीचं, लग्न तोंडावर आलेलं. मी वडिलांना, म्हणजे आण्णांना विचारलं, की हा आजवर कुणीच कसा बुजवला नाही. ते "अरे, त्याच्यात..." एवढंच म्हणाले आणि केटररचा फोन आला. उरलेलं वाक्य मी मनातल्या मनात पूर्ण केलं: त्याच्यात आपलं काय जातं. हीच ती वृत्ती.

मी तडक उल्हासनगर कॅम्प दोनमधून झटपट सुकणारं सिमेंट आणलं. दुकानदार म्हणाला, "साईं, ये लगाओ. तुम्हारा पोता भी नहीं तोड़ पाएगा." हळदीच्या दिवशी पहाटे, सगळे झोपेत असताना, मी खुर्ची उपटली, खड्ड्यातल्या चिखलावर विटांचे तुकडे टाकले आणि आईच्या परातीत कालवलेलं सिमेंट ओतलं. (परात आता उचलायला दोघं लागतात.) फोटो काढून स्टेटसला टाकला: 'नागरिकांनी केलं.' तो फक्त नेदरलँड्समधल्या मित्रांनी पाहिला, कारण इथे सगळे लग्नाच्या धावपळीत होते. थोड्या वेळाने मांडववाल्यांनी तिथवर हिरवं कार्पेट अंथरलं आणि माझं कार्य झाकलं गेलं.

हळद तुफान झाली. आमच्याकडे हळद काही नवरीपुरती नसते. मामा, माम्या, शेजारच्या रखमाबाई, डीजेवाला, सगळे पिवळे. पाण्याचे ड्रम जेवणावळीतच संपले होते, पण कुणी काळजीत नव्हतं. पाणी दिवसाआड येतं आणि आज आमचा दिवस होता.

संध्याकाळी पाणी सोडणारा तुळशीराम हातात लांब लोखंडी चावी घेऊन आला आणि कार्पेटवर गोल गोल फिरू लागला. मला वाटलं, नाचतोय. मीही दोन स्टेप्स केल्या.

"खुर्ची कुठंय?" त्याने विचारलं.

"काढली. खड्डाही बुजवला."

"कोणी?"

"नागरिकांनी," मी छाती पुढे काढून म्हणालो.

"त्यात व्हॉल्व होता." त्याने चावी माझ्या हातात दिली. "आता पाणीपण नागरिकांनीच सोडा."

डीजे थांबला. रखमाबाईंनी पदराने तोंड पुसायचा प्रयत्न केला, तर पदरही पिवळा. "बाला, येवढ्या लांब तुला यासाठी धाडला व्हता?" त्या म्हणाल्या. तेजस्वी कानाच्या मागेपर्यंत पिवळी होती. ती अगदी शांतपणे म्हणाली, "दादा, सकाळी मुहूर्त आहे. मी अशीच उभी राहिले ना, तर उखाण्यात तुझी तक्रार घालीन."

मामांनी घण आणला. दुकानदार खरं बोलला होता. टँकर मागवला, तर मांडवामुळे तो गल्लीत शिरेना. शेवटी आण्णा, मामा आणि मी, तिघे पिवळे, पाणी खात्याच्या ऑफिसात गेलो. तिथल्या साहेबांनी आमच्याकडे बघून आधी चष्मा पुसला. मग म्हणाले, रस्ता फोडायला परवानगी लागते, हा केला कोणी? मी म्हटलं, मी. "मग तुमचाच आहे की. फोडा."

"फुटत नाही, साहेब." आणि मग माझे हात आपोआप जोडले गेले. "काहीतरी सरकारनेच करायला हवं."

मागे आण्णा इतके खोकले, की साहेबांनी त्यांना पाणी दिलं. (त्या दिवसातलं आमच्या घराला मिळालेलं पहिलं पाणी.)

ब्रेकर मशीन आलं. अख्खी गल्ली टाळ्या वाजवत होती. मशीनवाला म्हणाला, एवढं पक्कं काम त्याने कुठे पाहिलं नाही, आणि मला, खरं सांगतो, भरून आलं. व्हॉल्व उघडला. तेजस्वीची आंघोळ पहिली, मग पाहुणे, मग डीजेवाला. मी बादली घेऊन पुढे झालो, तर आण्णा म्हणाले, "नागरिक शेवटी." माझा नंबर आला आणि नळ फुसफुसून थांबला.

दुसऱ्या दिवशी मांडवात मुलाकडची एक अधू नजरेची आजी थेट माझ्यापाशी आली. माझी हनुवटी धरून म्हणाली, किती हळद चढलीय नवऱ्याला. आणि डोक्यावर अक्षता टाकायला लागली.

तेजस्वीने मुंडावळ्या बाजूला केल्या. "नवरा इकडे आहे, आजी. तो माझा भाऊ. त्याची आंघोळ सरकारकडे पेंडिंग आहे."