सूनबाईंची विकेट

विचारल्याशिवाय काही द्यायचे नाही, या एका तत्त्वावर राज्ये टिकतात. निजाम सरकारचा कारभार दरखास्तीवर चाले आणि क्रिकेटचा कायदाही तेच सांगतो. दांडी उडाली तरी ‘आऊट आहे का?’ अशी विचारणा झाल्याशिवाय पंचाने बोट वर करायचे नाही. सेलूत हा कायदा व्यंकटरावांइतका कोणालाच पाठ नव्हता. तहसील कचेरीत सत्तावीस वर्षे पेशकारी करून ते निवृत्त झाले होते आणि तेव्हापासून पंचाचे काम (विनामूल्य) करीत.

फसली १३५० साली (इंग्रजी १९४०-४१) कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या संघाचा बॉलर, म्हणजे व्यंकटरावांचा मुलगा मुंजाजी, याला ऐन मोसमात काखमांजरी झाली. हात वर होईना. वतनदार आजारी पडला तर गुमास्ता काम पाहतो, या वहिवाटीने त्याच्या जागी त्याची बायको उभी राहिली. बायकांनी खेळू नये असे कायद्यात कुठेच नव्हते (कोणाला सुचलेच नव्हते), त्यामुळे व्यंकटरावांचा नाइलाज झाला. सूनबाईंचे माहेर राणीसावरगावचे. ज्वारीवरची पाखरे गोफणीने उठवून त्यांचा हात असा तयार झाला होता, की समोरचा कचेरीचा संघ पॅडवर पॅड बांधून येई.

अडचण एकच होती. पंच म्हणजे मामंजी, आणि मामंजींसमोर सुनेने तोंड उघडायचे नाही.

पहिल्याच चेंडूवर कचेरीच्या बन्सीधर कारकुनाची दांडी उडाली. सूनबाई पदर सावरून गप्प उभ्या. बाकीचे गडी ओरडले, “आऊट हाय का?”

“दरखास्त बॉलरची, मंग बॉलरनं बोलावं,” व्यंकटराव म्हणाले. “तुमी मधी कोन?”

त्या डावात पाच वेळा दांडी उडून बन्सीधरने नाबाद एक्केचाळीस धावा काढल्या. त्याला चांदीचा पेला मिळाला.

धावांची वही मीच लिहीत असे, म्हणून आकडे खात्रीचे आहेत. सामने सहा. उडालेल्या दांड्या एकतीस, पैकी मोडलेल्या चार (एकीचे आमच्या घरी लाटणे झाले). विकेट शून्य. शून्याने भागून सरासरी कशी काढावी, अशी मी परभणीला विचारणा केली. उत्तर अद्याप यायचे आहे.

सातव्या सामन्यानंतर परभणीच्या मोठ्या सामन्यासाठी निवड होणार होती. अट एवढीच, की नावावर एक तरी विकेट हवी. सूनबाईंना परभणीला जायचे होते. फार जायचे होते. आदल्या दिवशी त्यांनी सासूबाईंपाशी, म्हणजे कस्तुराबाईंपाशी, विषय काढला.

“आत्याबाई, एकडाव इचारू का मामंजींना?”

“जीभ झडंल! भिंतीसंगं बोल, मामंजीसंगं न्हाई.”

सल्ला उपयोगी ठरला. दुसऱ्या दिवशी शेवटचा गडी, म्हणजे पुन्हा बन्सीधरच, खेळत असताना त्याची मधली दांडी उडून लांब पडली. सूनबाई शांतपणे चालत गेल्या, दांडीजवळ बसल्या आणि तिच्याशीच बोलू लागल्या, “का गं बाई, पडलीस? लय लागलं का? मंग ह्यो आऊट हाय का न्हाई, इचार की कुनाला तरी!”

व्यंकटरावांनी डोळे मिटून सगळा कायदा आठवला. दांडीमार्फत आलेली दरखास्त फेटाळायला कलम सापडेना. शेवटी बोट वर गेले. सूनबाई पदराआड हसल्या ते मला आजही दिसते.

मी नोंद केली. गुमास्त्याचे काम वतनदाराच्या नावावर पडते, हीही वहिवाटच. ‘विकेट एक: मुंजाजी, मार्फत घरची मंडळी.’ मुंजाजीची काखमांजरी तोवर बरी झाली होती. परभणीला तो गेला (साठ धावा दिल्या, विकेट नाही). सूनबाई त्याला स्टेशनावर भाकरीचा डबा द्यायला आल्या होत्या. गाडी हलली तरी त्या उभ्याच होत्या. मला वाईट वाटले, शरमही वाटली, पण वहीत त्याचा रकाना नव्हता.

सेलूच्या जुन्या माणसांना मुंजाजी अजून आठवतो. व्यंकटराव, कस्तुराबाई, पेलेवाला बन्सीधर, हेही आता आपल्या ओळखीचे झाले. सूनबाईंचे नाव मला ठाऊक आहे आणि सांगायला माझी काहीच हरकत नव्हती. पण इथवर वाचताना आपण एकदाही विचारले नाही, आणि कायदा तर आपण पहिल्याच परिच्छेदात वाचला आहे.