पानफुटीची नाईट शिफ्ट

मुलांच्या जिभेवर विज्ञान ठेवणारी बाई आख्ख्या दौंड तालुक्यात एकच, ती म्हणजे मी! वरवंडला ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. यंदा विज्ञान प्रदर्शनात मी पानफुटीची कुंडी मांडली. ऊस, गहू ही मंडळी दिवसाउजेडी हवेतला कार्बन ओढतात. पानफुटी मात्र कुरकुंभच्या कारखान्यांतल्या कामगारांसारखी नाईट शिफ्टवाली! रात्री कार्बन घेते, त्याचं आम्ल करून पानात साठवते आणि दिवसा त्याचीच साखर बनवते. म्हणून पान सकाळी आंबट, दुपारी पानचट!

प्रमुख पाहुणे होते जालिंदरआबा. ते खूश झाले तर आमच्या जीवशास्त्राच्या खात्याला नवा मायक्रोस्कोप देणार होते. बोलावलं सकाळी सातला, आबा उगवले दुपारी तीनला!

"आता कुठलं पान आंबट लागतंय!" रसायनशास्त्राच्या मुजीबसरांपाशी मी रडकुंडीला आले.

"मॅडम, टेन्शन नका घेऊ. मी बघतो!" म्हणत सर पळाले.

मी मात्र ठरवलं, खरं तेच सांगायचं. आबांच्या हातात पान दिलं आणि ऐटीत म्हणाले, "आबा, सकाळी हे आंबटढाण होतं. आता चाखा, चवच नाही!"

आबांनी पान चावलं. एक डोळा मिटला. दुसराही मिटला. चेहरा वाळल्या आवळ्यासारखा आक्रसला!

"बाई, ह्यो तर चिंचेचा बाप हाय!"

मांडव हसून लोळला. मी घाईघाईनं एक पान तोंडात टाकलं. दात आंबले! मागं मुजीबसर विजयी मुद्रेनं उभे, हातात पिळलेलं लिंबू!

"सर, हे काय केलंत?"

"तुम्हालाच आंबट पाहिजे होतं ना? सगळ्या पानांना चोळलंय!"

गेला मायक्रोस्कोप!

"लिंबू व्हय?" आबांनी आणखी एक पान तोडलं. "मग मीठ का न्हाई लावलं? आन् बिनलिंबाचं आंबट कवा मिळंल?"

"उद्या उजाडताना. ऑफिसच्या दारात दुसरी कुंडी आहे."

"येतो की!"

येतात कसले! मी निवांत झोपले. नऊला कॉलेजात पोचले, तर आबा गाडीत बसून निघालेले!

"बाई, तुमचं खरं हाय! पान लई आंबट! मायक्रोस्कोप दिला!"

"आबा, आभारी आहे!"

"तुमी न्हवता. हितं मुजीबसर हुते, त्यांच्याच खात्याला दिला!"

आता कांद्याची पेशी दाखवायची म्हटलं, की मी वर्ग घेऊन रसायनशास्त्राच्या दारात उभी राहते. सर म्हणतात, "मॅडम, जरा लवकर येत चला!"