रुबियाच्या मांडवातल्या सव्वीस सायकली

चाळिशीला टेकलेल्या माणसानं मांड्यांना चिकटलेली तोकडी विजार घालून सासरच्या दारात उभं राहावं, हे केलसोमच्या मते कुठल्याच धर्मात बसत नव्हतं. बरं, नुसती विजार असती तर तिनं मान फिरवली असती. पण जावयाला तोंडही होतं, आणि ते सासूला न विचारता भलत्याच ठिकाणी उघडायचं. गेल्या महिन्यात ते क्वालालंपूरच्या सायकलवाल्यांपुढे उघडलं होतं. शनिवारी खाडीकाठच्या गावांतून सायकली काढू, कोळ्यांच्या जेट्या बघू आणि दुपारी आमच्या सासूबाईंकडे जेवू, असं इझवान सगळ्यांना सांगून मोकळा झाला होता.

"किती माणसं?" केलसोमनं फोनवर विचारलं होतं.

"सव्वीस, आई."

"सव्वीस! माझं घर आहे का फेरीबोट?"

"जमत नसेल तर बाहेर कुठेतरी बघतो..."

"जमत नाही असं कोण म्हणालं?" केलसोम कडाडली, आणि तिथेच अडकली.

अडकायला आणखी एक कारण होतं. त्याच शनिवारी चार घरं पलीकडे रुबियाच्या मुलीचं लग्न होतं. गावात लग्न म्हटलं की आदल्या दिवशी साऱ्या बायका जमायच्या, कांदे सोलायच्या, मिरच्या वाटायच्या, आणि मोठ्या पातेल्यातला डाव केलसोमच्या हातात असायचा. तीस वर्षं हे असंच चाललं होतं. यंदा रुबिया दारात येऊन गोड आवाजात म्हणाली, "शहरातून केटरर बोलावलाय गं. तुम्हा बायकांना कशाला त्रास?"

त्रास! तीस वर्षं डाव फिरवला तो काय त्रास होता? केलसोमनं त्या दिवसापासून रुबियाचं नाव टाकलं. मासळी उतरवायच्या धक्क्यावर उभं राहून तिनं सगळ्यांच्या कानावर घातलं, "मला कुठलं लग्नाला यायला जमतंय? राजधानीहून सव्वीस पाहुणे यायचेत माझ्याकडे." आता ते सव्वीस आले नाहीत तर आठवडाभर त्या धक्क्यावर तिला तोंड दाखवायला जागा राहणार नव्हती.

पहाटेपासून ती चुलीपुढे होती. आंबवलेल्या दुरियान फळाच्या गरातलं माशाचं कालवण, नारळाच्या दुधात शिजवलेली कोंबडी, कोळंबी, आणि दोन मोठी पातेली भात. पाहुणे सव्वीसच, पण लग्नाच्या पातेल्याला सरावलेल्या हातानं सगळं शंभराच्या हिशेबानं पडलं होतं. पाहुणे अकराला यायचे होते. साडेअकरा झाले. बारा झाले. रस्त्यावर एक बदक सोडलं तर कोणी नव्हतं. इझवानचा फोन लागत नव्हता. लेकीला विचारावं तर ती इस्पितळात ड्युटीवर.

"अहो," ती नवऱ्याला म्हणाली. इद्रुस ओसरीत जाळं विणत बसला होता. "जेटीवर जाऊन बघा ना. त्या तिसऱ्या खांबाजवळची फळी कुजलीय. एखादा गेला असेल खाली."

"एकजण गेला तर पंचवीस तरी येतील."

"जिभेला हाड नाही तुमच्या! उठा!"

इद्रुस खाडीतून होडीनं गेला आणि वीस मिनिटांनी आला. "आले होते म्हणे. जेटीवर फोटो काढले, सुक्या मासळीचा वास घेतला, नाकं धरली आणि निघाले."

"कुठे?"

"इकडेच."

आता मात्र केलसोमनं हातातला डाव खाली ठेवला. जेटीपासून घरापर्यंत रस्ता एकच. मध्ये ना फाटा, ना वळण. एका बाजूला घरं, दुसऱ्या बाजूला चिखलाची खाडी. सव्वीस सायकली त्या एवढ्याशा रस्त्यात हरवल्या तर गेल्या कुठे? भरतीची वेळ होती. मागे त्या खाडीत एक मगर दिसली होती. तिनं डोक्यावर ओढणी टाकली, गॅस बंद केला, पुन्हा जाऊन खरंच बंद आहे का ते बघितलं, आणि ती चालू लागली.

दोन घरं ओलांडेपर्यंत ती खाडीत बघत होती. तिसरं घर ओलांडल्यावर तिचं लक्ष डावीकडे गेलं आणि पाय जागच्या जागी थांबले. रुबियाच्या कुंपणाला सायकली टेकवलेल्या होत्या. तिनं मोजल्या. पुन्हा मोजल्या. सव्वीस!

केलसोम जास्वंदीच्या झुडपाआड वाकली. लग्नाला येणार नाही म्हणून गावभर सांगितलेलं, त्यामुळे आत जायची सोय नव्हती. आणि कुंपणाशी वाकलेली कोणी बघितली असती तर जन्माची फजिती. पण वाकल्याशिवाय दिसत नव्हतं. मांडवात तिचे सव्वीस पाहुणे केटररचं मटण ओरपत होते. शिरस्त्राणं टेबलावर, ताटं काठोकाठ. एकजण तर तिसऱ्यांदा भात घ्यायला चालला होता. आणि शेवटच्या खुर्चीवर, पाठमोरा, तीच ती विजार.

"शुक! इझवान! ए इझवान!"

जास्वंदीतून आवाज आल्यावर इझवाननं आधी वर आभाळात बघितलं. मग कुंपणाशी आला. हात कोपरापर्यंत रश्शाने माखलेला.

"आई! तुम्ही झाडात काय करताय?"

"मी झाडात आहे ते सोड. तू मांडवात काय करतोयस?"

"माझा काही दोष नाही, आई! मी मागे होतो. एका बाईंची साखळी उतरली होती, ती बसवत होतो. यांना सांगितलं होतं, जेटीनंतर सासूबाईंचं घर, त्या वाट बघत असतील, लाजू नका, पोटभर जेवा. यांना मांडव दिसला. दारात रुबियाकाकूंचे यजमान उभे, 'या, या, बसा' करत. त्यांना वाटलं नवऱ्यामुलाचे ऑफिसातले मित्र आले. यांना वाटलं, काय दणक्यात तयारी केलीय हो सासूबाईंनी!"

"आणि तुला काय वाटलं? तुला तर माझं घर ठाऊक आहे ना?"

"मी पोचलो तोवर सगळे दुसऱ्या ताटावर होते. जेवत्या माणसाला उठवू कसा?"

"मग स्वतः का बसलास?"

"काकांनी हात धरून बसवलं." इझवाननं आवाज खाली आणला. "समोर आलेलं अन्न न चाखता प्रवासाला निघालं की वाटेत हमखास काहीतरी होतं, हे तुम्हीच शिकवलंत ना? अजून चाळीस किलोमीटर सायकल चालवायचीय मला."

हे तिनंच शिकवलं होतं. 

"चाखायला सांगितलं होतं," ती म्हणाली. "भांडं पुसायला नाही."

तेवढ्यात पुलाच्या बाजूनं डफांचा आवाज आला. नवऱ्यामुलाची वरात. केलसोमच्या सरावलेल्या डोळ्यांनी मांडवाच्या कडेला एक गोष्ट टिपली. केटररचा माणूस एकेक झाकण उचलत होता, आत बघत होता आणि तसंच परत ठेवत होता. स्वयंपाक करणाऱ्या बाईला याचा अर्थ सांगावा लागत नाही. वरातीत सत्तर तरी माणसं असणार, आणि त्यांचं जेवण तिच्या जावयाची माणसं खाऊन बसली होती.

तिला आधी गार वाटलं. बरं झालं, म्हणावं, केटररला! पण ते सुख डफाच्या दोन थापांपुरतंच टिकलं. उद्या गाव म्हणेल, नवऱ्याकडची माणसं उपाशी गेली. का गेली? तर केलसोमच्या जावयानं माणसं घुसवली. म्हणजे लग्न रुबियाचं आणि नाक केलसोमचं.

ती मागच्या वाटेनं धावत घरी आली, मागोमाग इझवान; तर स्वयंपाकघराच्या पायरीवर रुबिया उभी. नवी रेशमी ओढणी वाकडी झालेली, चेहरा उतरलेला.

"केलसोम," रुबिया जमिनीकडे बघत म्हणाली, "जरा मीठ आहे का गं?"

"किती हवंय?"

"थोडंसं."

"सत्तर माणसांपुरतं?"

रुबियाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "डफ ऐकू येतायत गं. माझी पोर मखरात बसलीय. त्या लोकांपुढे काय वाढू?"

"रडू नकोस, काजळ फिस्कटेल. इझवान! तुझी माणसं बोलाव. खाल्लंय ते पचवू देत आता."

मग गावानं असं काही बघितलं की पुढे बरेच दिवस धक्क्यावर दुसरा विषय नव्हता. दोन-दोन सायकलींच्या मध्ये बांबू, बांबूला लटकणारं पातेलं, आणि बाजूनं चालत हँडल सावरणारी घामाघूम राजधानी. केलसोम हातात डाव घेऊन मागून.

"हळू! तो खड्डा चुकवा! अहो लाल टोपी, तुम्हीच, कालवण डचमळतंय! शर्यत नाहीय ही!"

पुढून वरात मांडवात शिरली आणि मागून पातेली. पहिलं ताट वाढताना केलसोमची नजर कालवणावरच होती. मीठ बरोबर पडलं होतं ना? पहाटे घाईत टाकलेलं. कालवण चाखलंच नव्हतं तिनं.

नवऱ्यामुलाची आई ठसठशीत बाई होती. तिनं एक घास घेतला. थांबली. दुसरा घेतला. मग कालवणाचं भांडंच आपल्याकडे ओढलं.

"विहीणबाई," तिनं रुबियाला विचारलं, "केटरर कुठला हो तुमचा? पुढच्या वर्षी धाकट्याचं लग्न आहे."

 केटरर पुढे सरकला. केलसोम स्वयंपाकाच्या कनातीशी उभी होती, आणि हातातला डाव तिला एकाएकी जड झाला. रुबियानं एकदा केटररकडे बघितलं, एकदा तिच्याकडे.

"केटररचं नाही ते," रुबिया म्हणाली. "आमच्या गावात लग्नाचं पातेलं एकच बाई ढवळते. ती काय, तिथे उभीय. आज यायला जरा उशीर केला तिनं, एवढंच."

केलसोमकडे यावर सतरा उत्तरं होती. ती तिनं नंतरसाठी ठेवली. ती वाढायला वाकली.

उतरत्या दुपारच्या नमाजाची वेळ झाली तेव्हा मांडव रिकामा होत आला होता. इझवान शिरस्त्राण छातीशी धरून समोर येऊन उभा राहिला. मागे पंचवीस माणसं सायकली घेऊन, निकाल ऐकायला थांबल्यासारखी.

"आई, चुकलो. काय बोलायचं ते बोला."

केलसोमनं ओढणीच्या टोकानं हात पुसले आणि त्याच्याकडे आपादमस्तक बघितलं.

"तू बावळट आहेस, इझवान. पण घरात एक बावळट लागतोच. तो नसला तर आम्हा शहाण्या बायकांनी एकमेकींशी बोलायला निमित्त कुठून आणायचं?"