लाल पट्टेवाला वाकला तो वाकलाच

सीताबर्डीच्या व्हिडिओ गेमच्या दुकानात एके काळी माझं काय नाव होतं म्हणता! लाल पट्टेवाला पहिलवान माझा. दांडी अर्धी फिरवली, बटण हाणलं, की त्याच्या तळहातातून आगीचा गोळा सुटे आणि त्या धगीनं बाजूच्या टपरीवरचा चहा उकळे! टपरीवाल्याला विचारा. तो आता हयात नाही, पण विचारा.

माझ्या लेकीचं, दामिनीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा ठरला. आमच्याकडे व्याहीभेटीत दोघं व्याही गळ्यात पडतात आणि एकमेकांना उचलायला बघतात. माझे व्याही, खाप्याचे बाबनराव, म्हणजे कापसाची गच्च गठाण! मी वाळत घातलेला पंचा. कंबर वाचवायला मी डाव टाकला.

"इवाईबुवा, आधी गेम खेळू. हारला त्यानं मांडवात दुसऱ्याले उचलाचं!"

"मंजूर! पण मले तं त्यातलं काहीच येत नाही गा!"

मला हेच तर हवं होतं!

"काहून जी," माझी बायको मनकर्णा म्हणाली, "सिलिंडर सरकवाले शेजाऱ्याले हाका मारता, अन् इवायाले उचलान?"

"मी हारतच नाही वं!"

लकडगंजातून तोच गेम आणला, खिशात मावणारा. डब्यावर माझा लाल पट्टेवाला छाती काढून उभा. दुकानदार म्हणाला, "अटक गया तो बंद करके चालू करना, काका." सराव? सराव कच्चे लोक करतात. डबा फोडला तो थेट मांडवात, दोन्हीकडच्या पाहुण्यांसमोर.

देवा रे! सहा बटणांच्या जागी दोन. पडदा खारकेएवढा. संगीत म्हणजे मागे येणाऱ्या टेम्पोचा भोंगा! आणि माझा पहिलवान? उपाशी गोगलगाय! ठोसा दाबला, तो खाली बसला. लाथ दाबली, तो उठून समोरच्याला पाठ दाखवून उभा. ठोसा निघाला तेव्हा समोरचा मारून, दमून परत गेला होता!

"बाबा, आगीचा गोळा कधी निघते?" दामिनीनं विचारलं.

"थांब वं, तापून राहिला तो!"

जीव एकवटून दांडी फिरवली. पहिलवान कमरेत वाकला, एक मूठ पुढे, एक गुडघा दुमडलेला... आणि अटकला. हलेना, मरेना! बंद करून चालू केलं, तर मशीननं मला हरलेला घोषित केलं.

मग मशीनशी लढायला बाबनराव बसले. त्यांनी यंत्र उलटं धरलं. एक बटण अंगठ्याखाली दाबून ते बायकोला "पंगत वाढाले सांग" म्हणत राहिले. तेवढ्यात मशीनचाच पहिलवान उडी मारून पडद्याबाहेर गेला, तो परत आलाच नाही!

"जिंकलो का गा?" बाबनरावांनी विचारलं.

मांडव शिट्ट्यांनी दणाणला. जबान दिली होती. व्याह्यांच्या कमरेला मिठी घातली, कुलदैवताला हाक मारली आणि उचललं! त्यांच्या चपलेखालची धूळ तरी नक्की हलली. मग माझ्या कमरेत काहीतरी कडाडलं.

वाकलो. एक मूठ पुढे, एक गुडघा दुमडलेला. हलेना!

"अगं माय! बाबा गेममधल्यासारखे झाले!" दामिनी ओरडली.

मनकर्णा शांतपणे माझ्या पाठीमागे आली. "तुह्या बाबाले मांगून बटण हाय का पाहा वं. बंद करून चालू करू."

बटण सापडलेलं नाही. साक्षगंधाच्या एकूण एक फोटोत मी तसाच आहे, आणि हेही वाकूनच लिहून राहिलो.