एका दशांशाचा आजार

मुलांनो, अशी कल्पना करा, की तुम्ही अगदी ठणठणीत आहात. कडकडून भूक लागतेय, गाढ झोप येतेय, दोन-दोन पायऱ्या ओलांडत जिना चढताय. आणि एके सकाळी घरी एक कागद येतो नि म्हणतो, तसं काही नाही.

भिंगरीच्या बाबांचं असंच झालं. भिंगरी दुसरीत होती. एका जागी बसायची नाही म्हणून हे नाव. येत्या रविवारी तिच्या सायकलची मागची दोन छोटी चाकं काढायची होती आणि बाबा सीट धरून मागे पळणार होते. पण त्याआधी बाबांच्या कार्यालयात वार्षिक रक्ततपासणी झाली, आणि अहवालात एक आकडा ठळक अक्षरांत छापून आला. युरिक ॲसिड. सातपर्यंत चालतं, बाबांचं निघालं सात पूर्णांक एक दशांश.

"तरी मी म्हणत होते!" आत्या म्हणाली. ती काय म्हणत होती ते कुणालाच आठवेना, पण सगळ्यांनी माना डोलावल्या.

"अगं ताई, मला काहीच होत नाहीये."

"तेच तर! कळतसुद्धा नाही, म्हणजे किती आतवर गेलं असेल!"

कार्यालयानेही तत्परता दाखवली. 'ठळक कर्मचाऱ्यांनी पुढील आदेशापर्यंत धावू नये, जिना चढू नये व इतरांस दचकवू नये,' असं परिपत्रक निघालं. बाबांचं टेबल तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद. मग ते तळमजल्यावर पाण्याच्या पिंपाशेजारी बसून काम नसल्याचं काम करू लागले. सायकल जिन्याखाली गेली.

"मग पळणार कधी?" भिंगरीने विचारलं.

"सगळे आकडे बारीक झाले की."

बाबांना ज्यांच्याकडे नेलं ते मोठे डॉक्टर मात्र शास्त्रीय वृत्तीचे होते. एका आकड्यावरून काही ठरवू नये, म्हणून त्यांनी आणखी चाळीस तपासण्या सांगितल्या. त्यांत दोन आकडे ठळक आले. त्या दोघांच्या चौकशीसाठी शंभर तपासण्या झाल्या. त्यांत पाच आले. रोज सकाळी बाबांचं रक्त नळ्या भरभरून जाऊ लागलं, आणि अखेर एके दिवशी हिमोग्लोबिनही ठळक झालं.

"रक्त कमी होतंय," डॉक्टर गंभीरपणे म्हणाले. "जातंय कुठे, ते शोधायला हवं. उद्या जरा जास्त रक्त घेऊ."

बाबांच्या शेजारी बसलेल्या भिंगरीला आता राहवेना. "डॉक्टरकाका, सात हा आकडा कुणी ठरवला?"

"त्याची पद्धत असते, बाळ. पुष्कळ निरोगी माणसं घ्यायची, त्यांचे आकडे ओळीने मांडायचे, दोन्ही टोकांचे थोडे सोडून द्यायचे. मधले ते नॉर्मल."

"टोकाची माणसं आजारी होती?"

"छे! सांगितलं ना, सगळी निरोगी."

"मग त्यांना का सोडलं?"

"कुठेतरी रेघ मारावी लागते ना!"

भिंगरीला हे एकदम पटलं. तिने खिशातून आईची कापड मोजायची टेप काढली. "बाहेर बसून कंटाळा आला, म्हणून मी सगळ्यांचे कान मोजलेत," ती म्हणाली, नि खुर्चीवर चढून तिने डॉक्टरांचाही कान मोजला. "अगदी टोकाला! काका, तुमचा कान ठळक आहे."

"माझ्या कानाला काय धाड भरलीये? टाचणी पडली तरी ऐकू येतं मला!"

"बाबांनाही भराभर पळता येतं."

डॉक्टर पोट धरून हसले. "हरलो बुवा! अहो, पाणी भरपूर प्या. दोन-तीन महिन्यांनी हा एकच आकडा पुन्हा बघू. मध्ये काही दुखलंखुपलं तर लगेच या. आणि पळा!"

दुपारी मात्र त्यांनी कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली. उगीच शंका नको.

मग आलेल्या रविवारी छोटी चाकं निघाली. बाबा सीट धरून धापा टाकत पळाले, आणि मध्येच त्यांनी गुपचूप हात सोडला. भिंगरी थेट वळणापर्यंत न पडता गेली. तिथे ती उतरली, टेप बाहेर काढली, आणि समोर जे कुणी दिसलं त्याच्याकडे निघाली, कान मोजायला.

समोर तुम्हीच होतात. आणि बघा, गेलाच की तुमचा हात कानाकडे! तिने तो हळूच बाजूला केला आणि टेप लावली.