निघालेल्याला हाक

"ह्या खेपेला मी नापास होणं शक्यच नाही!" असं गिरीधरनं कब्बनपेटेतल्या आपल्या गल्लीत अकरा जणांना छातीठोकपणे सांगितलं. बारावे होते समोरचे मल्लाप्पाण्णा. ते म्हणाले, "सरी, सरी, बरोबर आहे. पण गेल्या खेपेला का झालास, ते सांग की!"

झालं! गिरीधर तडक घरात.

साल त्र्याण्णव. बेंगळूरच्या आभाळात नवी नवी विमानं यायला लागली होती. त्यांना कधी उडायचं, कधी उतरायचं, हे विमानतळाच्या मनोऱ्यात बसून सांगणारी माणसं हवी होती. गिरीधरची निवड झाली, हार घालून गल्लीनं त्याला उत्तरेत ट्रेनिंगला धाडलं, आणि चार महिन्यांत स्वारी वळकटीसकट परत! का? गल्लीला दुसरा विषयच उरला नाही. कोणी म्हणे, पोरगं उंचीला भ्यालं. कोणी म्हणे, त्यानं दोन विमानं एकमेकांवर घातली. खुद्द वडील कृष्णमूर्ती, चिकपेटेत कापडाचं दुकान चालवणारे, त्यांनीही एकदा जेवताना हळूच विचारलं, "किती माणसं गेली रे?"

"अप्पा, लाकडाची विमानं होती ती! टेबलावरची!"

"मग लाकडाच्या विमानांपायी हाडामासाच्या माणसाला नापास करतात होय?"

खरं कारण वेगळंच होतं, आणि ते घरातच स्वयंपाकघरात बसून चिंच निवडत होतं. अंबूआत्या! अप्पांची थोरली बहीण. आई गेल्यावर गिरीधरला तिनंच वाढवलं, आणि वाढवताना दोन कायदे त्याच्या हाडात मुरवले. बाहेर निघालेल्या माणसाला 'कुठे?' असं विचारायचं नाही. आणि त्याला मागून हाक मारायची नाही. चुकून मारलीच, तर त्या माणसानं परत यायचं, ओट्यावर बसायचं, पाणी प्यायचं, आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा निघायचं. पंचवीस वर्षं हे बाळकडू प्यायलेला गिरीधर त्या परीक्षेच्या टेबलापाशी उभा राहिला. एक लाकडी विमान उडायला धावू लागलं, दुसरं त्याच धावपट्टीवर उतरू लागलं. मास्तर ओरडतायत, "रोको! अरे, रोको उसको!" आणि गिरीधरचा आ वासलेला, पण आवाज फुटेना.

"सर, वो निकल चुका था," तो नंतर म्हणाला.

"निकल चुका था, इसीलिए तो रोकना था!"

हे गल्लीत सांगायचं कसं? आणि आत्याला तर त्याहून नाही!

दुसरा अर्ज मंजूर झाला होता. आठ दिवसांनी मुलाखत आणि तीच टेबलाची परीक्षा, ह्या खेपेला इथंच बेंगळुरात. जूनमध्ये वयाची मर्यादा संपत होती, म्हणजे तिसरी संधी नाही. मग जन्मभर अप्पांच्या दुकानात लांबकापड मोजायचं. गिरीधरला ती नोकरी अगदी आतड्यातून हवी होती हो! दहा वर्षांचा असल्यापासून तो सायकल हाणत मारतहळ्ळीकडे जायचा आणि डोक्यावरून जाणाऱ्या विमानांची पोटं मान दुखेपर्यंत बघत उभा राहायचा.

त्यानं ठरवलं, सराव करायचा. घराची वरची गॅलरी म्हणजे मनोरा आणि गल्ली म्हणजे विमानतळ. जो दिसेल त्याला थांबवायचा!

पहिला बळी अप्पा. छत्री घेऊन ते पायरी उतरले न उतरले तोच वरून गर्जना झाली, "अप्पा, थांबा! कुठे?"

अप्पा जागीच थिजले. "दुकानाला रे! तीस वर्षं आणखी कुठे जातोय मी?"

आत्या उलथनं घेऊन बाहेर धावली. "गिऱ्या! चांगल्या निघाल्या माणसाला मागून हाक? अकलेचे दिवे पाजळलेस! कृष्णा, मागं ये. बस. पाणी पी."

अप्पा परतले, बसले, पाणी प्यायले, पंधरा मिनिटांनी निघाले. पण गिरीधरचा एका हाकेनं काय सराव होणार? "अप्पा, थांबा!" असं चारदा झालं. दुकानाशी पोचल्यावर अप्पांनी कुलपाला हातही लावला नाही, आधी शेजारच्या हॉटेलमागची मोरी गाठली!

दुसऱ्या दिवशी दूधवाला अडकला, फुलवाली अडकली, पोस्टमन अडकला. तिसऱ्या दिवशी ओट्यावर सहा माणसं ओळीनं पाणी पीत बसलेली, आणि घरातली तांब्या-फुलपात्रं संपल्यामुळे सातव्याला आत्यानं वाटीतून पाणी दिलेलं. ती रडकुंडीला आली. "काय रे ही नोकरी? निघालेल्याला 'कुठे' विचारायचं आणि मागून ओरडून थांबवायचं! हे सरकारी खातं की अपशकुनाचं?" तिनं गिरीधरवरून नारळ ओवाळून टाकला. काडीचा उपयोग झाला नाही. मग तिनं त्याच्याशी बोलणंच टाकलं, आणि त्याचं गिरीधरला फार वाईट वाटलं. पण सराव थांबवला नाही.

चौथ्या दिवशी मल्लाप्पाण्णा निघाले. नवं धोतर, जरीचं उपरणं, कपाळाला गंध. के. आर. पुरमला मुलीच्या सोयरिकीचं बोलायला! गल्लीनं श्वास रोखला. आज तरी हा पोरगा गप्प बसेल, असं सगळ्यांना वाटलं.

"मल्लाप्पाण्णा, निल्लि!" गिरीधर ओरडला. मराठीतलं 'थांबा' त्यांना लागू पडणार नाही म्हणून मुद्दाम कन्नडमध्ये!

मल्लाप्पाण्णा रागानं थरथरत परत आले. पाणी पिताना दर घोटागणिक त्यांनी गिरीधरच्या एकेका पिढीचा उद्धार केला आणि पंधरा मिनिटांनी पाय आपटत गेले.

संध्याकाळी तेच मल्लाप्पाण्णा म्हैसूरपाकाचा पुडा घेऊन हजर! "अरे, माझी चुकलेली बस वाटेत मोडून पडली! माणसं उन्हात चालत गेली, घामाघूम! मी मागच्या बसनं राजासारखा गेलो. सोयरीक जमली! ह्या पोराच्या जिभेवर देव बसलाय, देव!"

मग काय विचारता! पाचव्या दिवशी सकाळी आठ वाजता गॅलरीखाली ही गर्दी. गिरीधरला विचारल्याशिवाय कोणी पाऊल उचलेना.

"गिरीधरा, बँकेत जाऊ का?"

"स्वल्प थांबा. आधी ती रिक्षा, मग फुलवाली, मग तुम्ही. आठ मिनिटांनी."

"आणि मी रे?" हे अप्पा.

"तुम्ही ह्या बँकवाल्यांच्या मागून!"

गंमत म्हणजे, ज्या अरुंद गल्लीच्या तोंडाशी रोज सकाळी तासभर शिव्याशाप चालायचे, ती गल्ली तेल घातल्यासारखी चालू लागली. थांबा म्हटलं की लोक चिडतात, पण किती वेळ ते सांगितलं की बसतात, हे गिरीधरला तिथं उमगलं.

परीक्षेचा दिवस उजाडला. तसंच टेबल, तशीच लाकडी विमानं, समोर गिरीधरची जुनी फाइल घेऊन बसलेले जाड मिशांचे अध्यक्ष. गिरीधरनं पहिली पाच विमानं झकास हाताळली. सहावं उडायला धावू लागलं, आणि सातवं नेमकं त्याच पट्टीवर उतरू लागलं. पुन्हा तेच! डोळ्यांपुढे उलथनं घेतलेली आत्या. विमान निघालंय. निघालेल्याला हाक...

"मल्लाप्पाण्णा, निल्लि!"

खिडकीची तावदानं हादरली. विमान सरकवणाऱ्या साहेबाचा हात जागच्या जागी थांबला. अध्यक्षांनी विमानांची यादी वरून खाली वाचली, खालून वर वाचली.

"इसमें मल्लाप्पाण्णा कौन-सा है?"

गिरीधरनं घामेजल्या बोटानं सहावं विमान दाखवलं. आता संपलं सगळं, लांबकापड मोजायचं, असं त्याच्या मनानं घेतलं.

"पिछली बार आपकी आवाज़ ही नहीं निकली थी," अध्यक्ष मिशीतल्या मिशीत हसले. "विमान रुक गया ना? नाम हम सिखा देंगे."

पास! गिरीधरनं घरी येऊन सगळं खरं खरं सांगून टाकलं, गेल्या खेपेच्या फजितीसकट. आत्यानं चिंच निवडता निवडता सगळं ऐकून घेतलं. गल्ली मात्र हादरलीच. "सहा महिने जाणार? मग आम्ही निघायचं कसं?"

ट्रेनिंगला निघायच्या दिवशी तर कहर झाला. ट्रंक रिक्षात चढली आणि अख्ख्या गल्लीनं रिक्षाला वेढा घातला. शेवटची परवानगी हवी! बँकेला जाऊ का, देवळात जाऊ का, नव्या व्याह्यांकडे जाऊ का! पुढं दूधवाल्याची सायकल आडवी, मागं अप्पा छत्री उघडून उभे. गाडी सुटायला पाऊण तास उरलेला. गिरीधर खाली उभा राहून घसा फोडत होता, पण त्याचं ऐकतो कोण?

"थांबा सगळे!"

माना वर झाल्या. गॅलरीत अंबूआत्या! जन्मात कधी कोणाला मागून हाक न मारलेली अंबूआत्या, कमरेला पदर खोचून! "मल्लाप्पा, मागं सर! कृष्णा, छत्री मीट, ओट्यावर बस, दहा मिनिटं! दूधवाल्या, सायकल उचल, तू पहिला! रिक्षा, त्याच्या मागून, नीघ!"

अर्ध्या मिनिटात गल्ली मोकळी. रिक्षा सुरू झाली. गिरीधरनं आत उडी मारली आणि बाहेर डोकं काढून बघतच राहिला.

"बघतोस काय?" आत्या वरून कडाडली. "चार महिने आधी जाऊन आलास, आता आणखी सहा महिने! एवढ्याशा कामाला शिकायचं असतं तरी काय रे?"